उरलेला मजकूर पान सहावर

मला वाचायला रद्दीनं शिकवलं. शाळा म्हणाल तर दोन इयत्ता, त्याही गावच्या चावडीत बसून. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा सासूबाई वाण्याला कागदी पिशव्या करून द्यायच्या. दुपारची जेवणं झाली की वाटीत कणकेची खळ, समोर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि दोन्ही बाजूंना आम्ही सासू-सुना. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, त्यामुळे त्यांचे हात भराभर चालायचे. माझे अडकायचे. "अगं, पिशवी करतीयेस का पोथी वाचतीयेस?" म्हणायच्या. पुढंपुढं मात्र त्यांनाच गोडी लागली. "वाच की मोठ्यानं, मलाबी कळू दे जगात काय चाललंय ते."

आता रद्दीतून शिकलेल्या बाईचं ज्ञान कसं असतं, तर अर्धं. कुठल्या गोष्टीचं डोकं माझ्याकडं, तर पाय दुसऱ्याच कुणाच्या गठ्ठ्यात. खून झाला एवढं वाचायला मिळायचं, खुनी कोण ते कधीच नाही. लोणच्याची कृती मिळायची, पण मीठ किती घालायचं तिथंच कात्री चाललेली. "उरलेला मजकूर पान सहावर" असं खाली बारीक अक्षरात असायचं आणि पान सहा काही हाती यायचं नाही. मला त्याची सवय होऊन गेली होती. उरलेलं मी मनानंच जुळवून टाकायची, आणि ते जुळवलेलं आहे हे मग मीच विसरून जायची.

हे सांगते आहे ते नव्वदीच्या मधल्या वर्षांतलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मालकांना जाऊन पाच. मुलगा नोकरीच्या गावी. दिवाळीला यायचा, तिसऱ्या दिवशी बॅग भरायचा. वाणी तर एक दिवस सरळच म्हणाला, "मावशी, आता पिशव्या नकोत. क्यारीबॅग आल्यात." तरी मी करत राहिले. फुटाणेवाला नेईल, नाहीतर नाही नेणार. कागद घडी घालताना जो आवाज होतो ना, तेवढाच घरात आवाज होता. दाराची कडी दिवसात दोनदा वाजायची, एकदा दूधवाल्याच्या हातानं आणि एकदा वाऱ्यानं.

अशाच एका दुपारी एका रविवारच्या पुरवणीत तो लेख दिसला. मथळ्यात 'महारोग' हा शब्द होता. तो शब्द दिसला की माझा हात थांबतो, का ते पुढं सांगते. लेख सांगलीच्या कॉलेजात जंतूंचा विषय शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिलेला. परदेशात जुन्या दफनभूमीतली हाडं उकरली, शेकडो वर्षांपूर्वीची, आणि त्या हाडांच्या भुकटीत महारोगाच्या जंतूची खूण सापडली. क्षयाचीही तशीच सापडली आहे म्हणे. माणूस मातीला मिळाला, त्याचं नाव-गाव पुसलं गेलं, पण त्याचा रोग अजून हाडात ओळखता येतो. मी ते तीनदा वाचलं. "पण याचा अर्थ असा नव्हे की..." इथपर्यंत आलं आणि खाली, उरलेला मजकूर पान सहावर.

गठ्ठा सगळा उपसला. पान सहा नव्हतं. त्या पानाची पिशवी मात्र मी केली नाही. घडी घालून रेशनकार्डात ठेवलं.

मग त्या साली गावच्या जत्रेला गेले. गाव माझं कवठे महांकाळच्या पलीकडं, माळरानाचं. तिथं धाकटा भाऊ, भावजय, भावकी. ओसरीवर बायका पोळ्यांचं पुरण वाटत होत्या, आणि माझी तर ख्याती अशी की आक्का आली म्हणजे पेपर आला. "वन्सं, काय नवीन वाचलंसा?" भावजयीनं विचारलं, आणि मी सुटले. हाडात जंतू राहतो, शेकडो वर्षं राहतो, लोक काचेच्या नळीत घालून तो ओळखतात. सगळ्या जणी वाटायच्या थांबल्या. थोरला चुलतभाऊ खांबाला टेकून तंबाखू मळत होता, तोसुद्धा म्हणाला, "आयला, म्हंजी माणूस मरतंय आन् रोग मरत न्हाई?"

"नाही मरत," मी म्हणाले.

बघा, लेखात तसं कुठं लिहिलं नव्हतं. पण इतकी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती! वर्षभर ज्या बाईशी कुणी बोलत नाही तिला अशी ओसरी भरून माणसं मिळाली की काय होतं, ते मी आता सांगू शकते. तेव्हा कळलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात शेजारच्या घरी माझ्यासाठी फोन आला. भाऊ एसटीडीच्या डब्यातून बोलत होता, त्यामुळे घाईघाईनं.

"आक्का, माळाच्या रानात द्राक्षबाग लावायची म्हून चर काढाय घेतलं. हाडं घावली."

"कसली?"

"माणसाची. आन् एक जर्मनची ताटली. काठाला भोक हाय तिच्या."

 त्या ताटलीचं भोक मला ठाऊक होतं. माझ्या अंगठ्याला ठाऊक होतं.

मी सहा वर्षांची होते तेव्हा माझ्या आईला रगतपिती झाली. गावात महारोगाला तेच नाव. आधी गालावर एक चट्टा, मग हाताची बोटं वाकडी. आज्जीनं माळाच्या रानात हिवराच्या झाडाखाली तिला खोप घालून दिली आणि भावाला, तो दीड वर्षाचा असेल, तिच्या अंगावरून काढून घेतलं. कडू कवठीचं तेल तेवढं औषध म्हणून जायचं. आणि ही ॲल्युमिनियमची ताटली. घरच्या भांड्यांत चुकून मिसळू नये म्हणून आज्जीनं खिळा ठोकून तिच्या काठाला भोक पाडलं होतं. "हाताला कळाय पायजे," म्हणायची. भाकरी-कालवण घालून ती मी रानात न्यायची. आमटी पातळ असली की चालताना त्या भोकातून ठिबकायची, म्हणून मी भोकावर अंगठा दाबून धरायची. खोपीपासून दहा पावलांवर एक धोंडा होता. त्याच्यावर ताटली ठेवायची, मागं सरायचं, मग आई पुढं यायची. रिकामी ताटली ती तिथंच राख लावून घासून ठेवायची.

संध्याकाळी जायची तेव्हा सावल्या लांब पडलेल्या असायच्या. आई मुद्दाम अशी उभी राहायची की तिच्या सावलीचा हात माझ्या सावलीच्या डोक्यावर यावा. "सावलीला सावली लागली तर चालतंय गं," म्हणायची आणि हसायची. तिला उगीचच हसू यायचं. एकदा चुलीपुढं बसली होती आणि तिचा हात तापलेल्या तव्याला लागलेला मी धोंड्यापासून पाहिला. वासही आला. मी ओरडले, "आये, हात!" तिनं हाताकडं बघितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाचा आहे. "लागत न्हाई गं मला," म्हणाली.

मी धावत जायला हवं होतं. मी धोंड्यापाशीच उभी राहिले. चार वर्षं मी तिला जेवण दिलं आणि चार वर्षांत एकदाही हात लावला नाही.

एका सकाळी कालची ताटली भरलेली तशीच होती. आज्जीनं मला घरात कोंडून ठेवलं. पुरुष गेले आणि तिला तिथंच कुठंतरी मीठ घालून पुरून आले. अशा माणसाला जाळायचं नाही, धुराबरोबर रोग गावभर होतो, अशी रीत होती. तिचं लुगडं, गाडगी, ताटली सगळं तिच्याबरोबर. जागा कुठली ते वडिलांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. ते रान पन्नास वर्षं पडीक राहिलं. घरात सावत्र आई आली; चांगली होती. भाऊ तिलाच आई म्हणून वाढला. पहिली रगतपितीनं गेली एवढं त्याला ऐकून ठाऊक होतं, पण तिचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही.

फोनवर भाऊ सांगत होता, "गडी चर सोडून पळालं. रोजानं कोण यायला तयार न्हाई. थोरला म्हणतोय डिझेल वतून पेटवून द्यायचं, वर चुना टाकायचा आन् जेसीबीनं खोल गाडायचं. हात कोण लावणार, आक्का? तूच म्हणाली हुतीस की, माणूस मेलं तरी रोग मरत न्हाई."

मी म्हणाले, "मी येईपर्यंत काही करू नका."

आता खरं सांगू? फोन ठेवून घरी आले आणि पहिली गोष्ट काय केली, तर साबणानं हात धुतले. फोनवर बोललेले हात. भावकीला काय नावं ठेवू? माझं अर्धं पान त्यांनी मानलं होतं तसं मीही मानलं होतं. आईला डिझेल ओतून पेटवू द्यायचं नाही, एवढं पक्कं होतं. पण मग तिला उचलणार कोण? मी उचलेन का? सगळी रात्र तेच. दहा पावलं पुढं जाईन का मी या वयात?

सकाळच्या गाडीनं रेशनकार्डातलं पान घेऊन सांगलीला गेले. कॉलेज विचारत विचारत सापडलं. त्या बाई म्हणजे पस्तिशीची मुलगीच होती. काचेच्या बशा, नळ्या, आणि त्यांच्यामध्ये आपला जेवणाचा डबा उघडून बसलेली. मी पान पुढं केलं.

"आजी, हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"रद्दीत."

ती हसली. "चला, म्हणजे कुणीतरी वाचलं. माझ्या घरी तर कुणी वाचलं नाही."

"बाई, मला एकच विचारायचंय. तो जंतू हाडात जिवंत असतो का?"

"अहो, ते तर लिहिलंय मी. पान सहावर."

"पान सहा माझ्याकडं आलंच नाही," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, तिथं त्या नळ्यांसमोर मला रडू आलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं, मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "हरिपूरला हळदीची पेवं बघितलीत? जमिनीतली?"

"बघितलीत की."

"त्यात हळद वर्षानुवर्षं राहते. हळकुंड काढून बघितलं तर रंग तोच, वास तोच. जाणता माणूस हुंगून सांगतो, ही राजापुरी, ही सेलम. बरोबर? पण ती हळद शिजवून वाळवलेली. ती रानात लावली तर उगवेल?"

"शिजवलेली हळद कशी उगवेल?"

"तेच. हाडात जे सापडतं ते जंतूच्या आतल्या धाग्याचे तुटके तुकडे. त्यावरून तो कोण होता एवढं ओळखता येतं. तो स्वतः कधीच मेलेला असतो. हा जंतू तर इतका नाजूक की आजपर्यंत कुणालाही तो काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. जिवंत अंगाबाहेर त्याचा फार काळ निभाव लागत नाही. आणि जिवंत माणसालासुद्धा, बहुतेकांना, तो काही करू शकत नाही. ज्यांना होतो त्यांना आता गोळ्या आहेत. पूर्ण बरा होतो."

"तव्हा नव्हत्या," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "हाडं कुणाची आहेत, आजी?"

"माझ्या आईची."

 मग मी आणखी एक विचारलं. आज्जी जन्मभर म्हणायची की आईनं हा रोग माहेराहून आणला, तिच्या कुळातलं पाप आहे. तर कुणाकडून आला हे त्या हाडावरून कळेल का?

"आज तरी नाही. सगळीकडचा हा जंतू इतका एकसारखा निघतोय की कुठून कुठं गेला ते वेगळं काढता येत नाही. पुढं येईल कदाचित. पण पाप-बिप काही सापडायचं नाही, आजी. आम्ही सगळं पीठ करून बघतो, त्यात तसलं काही नसतं."

उठताना तिनं पान सहाची झेरॉक्स काढून दिली. दारापर्यंत आली आणि घुटमळली. "एक विचारू का? नको, जाऊ दे."

"विचारा की."

"बोटाचं एखादं लहानसं हाड... पुढं अभ्यासाला फार उपयोग होईल. पण तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

"बघते," मी म्हणाले.

गावी पोचले तर भाऊ, भावजय, थोरला चुलतभाऊ, सगळे रानाच्या बांधावर. मी तिथंच उभी राहून माझं पान आणि त्याला जोडून झेरॉक्स मोठ्यानं वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "पण याचा अर्थ असा नव्हे की ही हाडं रोग पसरवू शकतात." हळदीचंही सांगितलं.

थोरल्यानं तंबाखूची पिचकारी टाकली. "लिवणारीचं काय जातंय? तिच्या रानात थोडीच घावल्यात हाडं."

"आरं, पण हळद शिजवल्यावर..."

"हळद चावत न्हाई, आक्का."

भावजय हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, आवं तुमीच न्हाई का जत्रंत सांगितलं? तवा एक आन् आता एक. लेकराबाळांचं घर हाय आमचं."

जत्रेतलं पान सगळ्यांच्या मनात घर करून बसलं होतं. सहावं पान बांधावरच राहिलं. ते पोचवायला मी एकटी होते आणि माझ्या शब्दाची पत मीच घालवली होती.

"उचलते मी," म्हणाले. "नवं कापड तेवढं द्या."

चर कमरेइतका खोल होता. मुरमाचं रान, कोरडं, त्यामुळे हाडं बरीच शाबूत होती. काठाशी उतरले आणि पाय थांबले. बाईंचं सगळं पटलं होतं बरं का. डोक्यात काही शंका नव्हती. पण पायांनी काही वाचलेलं नसतं. ते आज्जीचंच ऐकत होते. मी मागं वळून पाहिलं. भाऊ नवं कापड घेऊन आला होता. तिथंच एक धोंडा होता. तोच की दुसरा, देव जाणे. त्यानं धोंड्यावर कापड ठेवलं आणि मागं सरला. मनात मोजून सरावं तसा.

ते पाहिलं आणि मी खाली बसले. माती बाजूला केली आणि हाताला लागली ती बोटांची हाडं. बाईंच्या लेखात होतं की हा रोग हातापायाची हाडं झिजवतो, शिसपेन्सिलीला टोक केल्यासारखी. तशीच होती. बारीक, निमुळती. शेजारी हिरव्या काचेचे तुकडे. बांगड्यांसकट पुरलं होतं. सवाष्ण होती ना. मी ती बोटं तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. पन्नास वर्षांनी. गार होती. मातीचाच वास.

मग एक एक करून सगळं उचललं.  आणि मग एकदम भावाचा आवाज आला, बांधावरूनच.

"आक्का, कशी हुती गं ती?"

साठीला टेकलेली मी आणि पंचावन्नचा तो. आख्ख्या जन्मात त्यानं हे पहिल्यांदा विचारलं.

"तुझ्यासारखी हसायची," मी म्हणाले. "उगीचच."

त्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं आता येईल. तो आला नाही. मी बोलावलंही नाही. दहा पावलं किती लांब असतात ते मला ठाऊक आहे.

गाठोडं बांधलं. ताटली वेगळी पिशवीत घातली. घरी भावजयीनं गोठ्याशेजारी अंघोळीला पाणी ठेवलं होतं, कडकडीत. चहा दिला तो कान तुटलेल्या कपातून, ओसरीखाली ठेवून. मी प्यायले. चांगला केला होता, आलं घालून. फाट्याकडं निघाले तेव्हा सहज मागं बघितलं, तर तो कप उकिरड्यावर पडला होता. वाईट बाई नाही हो ती. माझ्या तापात एकदा महिनाभर येऊन राहिली होती.

भाऊ फाट्यापर्यंत आला, पुढं चालत. मी मागून, गाठोडं कमरेवर. गाडी आली तेव्हा म्हणाला, "मी बी आलो असतो गं, पर बागंचं आडलंय."

"व्हय," मी म्हणाले. "वेलींचं लोखंडी अँगल उभं कर आधी."

सांगलीला उतरून हरिपूरला गेले. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं. घाटावर एक गुरुजी बसले होते. म्हणाले, "मयत कधी झाली?"

"पन्नास वर्षं झाली."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि इतके दिवस कुठं होत्या अस्थी?"

"रानात. कुणी न्यायला आलं नव्हतं."

 गुरुजींनी मंत्र म्हटले. मी गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीनं सोडत गेले. शेवटी बोटांची हाडं उरली. त्या बाईंची आठवण झाली. चांगली मुलगी. मागितलं तेही किती संकोचानं. त्यातलं एक दिलं असतं तर पुढं कधीतरी कुणाला तरी कळलं असतं, हा रोग कुठून कुठं चालत गेला. आज्जीचं म्हणणं खोटं पडलं असतं कदाचित. मला ते हवं होतं, नाही कसं म्हणू? पण डोळ्यासमोर आलं ते काचेची बाटली, वर चिठ्ठी, कपाट बंद. लोक येणार, लांबून बघणार, जपून हाताळणार. चार वर्षं तिनं तेच काढलं होतं. मी ती बोटंही सोडली. बाईंना पत्र टाकलं की नाही जमलं, राग मानू नका. त्यांचं उत्तर आलं, राग नाही म्हणून. वर लिहिलं होतं, रद्दीत पान सहा मिळालं नाही तर मला कळवत जा.

ताटली मात्र नदीत टाकली नाही. गुरुजी म्हणाले, तीही सोडा. मी ऐकलं नाही.

साताऱ्याला आल्यावर चिंच लावून घासली. पन्नास वर्षं मातीत राहून पार खडबडीत झालीये, लख्ख काही होत नाही. मांडणीवर इतर ताटांत ठेवली. दिवाळीला मुलगा-सून आली तेव्हा सुनेनं उचलून बघितलं. "आई, हे भोक पडलेलं कशाला ठेवलंय? टाकून देऊ का?" मी म्हणाले, राहू दे. पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण मुलाला गाडीची घाई होती.

ती दोघं गेल्यावर संध्याकाळी मी त्याच ताटलीत वाढून घेतलं. भाकरी आणि पातळ आमटी. स्वयंपाकघरातून ओसरीवर येईतो अंगठा आपसूक भोकावर गेला. आज्जीनं ही वेगळी काढली होती ती घरातल्या इतरांच्या ताटांपासून. आता या घरात दुसरं ताट कुणाचं मांडायचं असतं? खाली बसले, अंगठा काढला. आमटीचे दोन थेंब फरशीवर पडले. पुसायची घाई नव्हती. मी जेवले.